बोर्डी समुद्रकिनारा

बोर्डी समुद्रकिनारा हा महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, बोर्डी गावाला लागून असलेला अरबी समुद्राचा किनारा आहे. सुरूची बने, चिकूच्या वाड्या आणि तुलनेने कमी वर्दळ यांमुळे तो शांत किनारा म्हणून ओळखला जातो. ओहोटीच्या वेळी पाणी येथे बरेच दूर जाते आणि ओलसर, सपाट पुळण उघडी पडते.

स्थान
बोर्डी हे डहाणूच्या उत्तरेस, गुजरातच्या सीमेजवळ वसलेले आहे. पश्चिम रेल्वेचे घोलवड स्थानक गावाजवळ आहे. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. परिसरातील डहाणू घोलवड चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

पाणी दूर जाण्याचे कारण
पाणी किती दूर जाईल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : पातळीतील फरक आणि किनाऱ्याचा उतार. पातळी ४ मीटरने उतरली आणि दर १० मीटर अंतरावर किनारा १ मीटरने उतरत असेल, तर पाणी केवळ ४० मीटर मागे जाते. तोच उतार १०० मीटरला १ मीटर असल्यास ते ४०० मीटर मागे जाते. बोर्डीची पुळण अत्यंत मंद उताराची आहे. शिवाय उत्तरेकडे खंभातच्या आखाताच्या दिशेने भरती-ओहोटीतील फरक वाढत जातो. आखातातील भावनगर येथे तो उधाणाच्या वेळी सुमारे १० मीटरपर्यंत पोहोचतो.

ओहोटीची वेळ
दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे भरती दररोज अंदाजे ५० मिनिटे उशिरा येते. कोकण किनाऱ्यावर तिथीवरून वेळ काढण्याची रीत रूढ आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला ती तीनच्या, तर अष्टमीला सहाच्या सुमारास येते. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. स्थानानुसार यात फरक पडतो. म्हणून अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे लागते.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एकाच रेषेत येऊन उधाणाची भरती येते आणि ओहोटीही सर्वाधिक दूर जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने पाणी फारसे हटत नाही.

उघडी पुळण
पाणी ओसरल्यावर वाळूवर लाटांच्या वळ्या दिसतात. लहान खेकडे वाळूतील अन्नकण वेचून उरलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या बिळाभोवती मांडतात. कृमी व शिंपल्यांतील जीव ओल्या वाळूत दडून राहतात आणि किनारी पक्षी त्यांवर उपजीविका करतात. भरती येताच या खुणा पुसल्या जातात.

सुरक्षितता
भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. मधल्या दोन तासांतच पातळीची जवळपास निम्मी वाढ होते. सपाट पुळणीतही सखल पट्टे असतात. ते आधी भरतात, त्यामुळे समोरचे पाणी दूर असतानाच पाठीमागची वाट बंद होऊ शकते. उधाणाच्या दिवसांत पूर्ण ओहोटी साधारण सूर्योदय व सूर्यास्ताच्या आसपास येते. संध्याकाळी पुळण सर्वांत रुंद दिसते, परंतु पाणी परतते ते अंधारात.

यवतमाळसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्यांना वर्धा किंवा पैनगंगा नदीचा पूर परिचित असतो. पूर पावसावर अवलंबून असतो. भरती मात्र निरभ्र आकाशाखालीही दिवसातून साधारण दोनदा येते. त्यामुळे ओहोटी सुरू असताना पुळणीवर उतरणे आणि पूर्ण ओहोटीपूर्वीच परतीची वाट धरणे हिताचे ठरते. वाहन पुळणीवर नेल्यास ते ओल्या वाळूत रुतून भरतीत सापडण्याचा धोका असतो. पावसाळ्यात वारा व उंच लाटांमुळे पाणी अपेक्षेपेक्षा अधिक आत येऊ शकते.