नाव एकच, माणसं अनेक!

गेल्या ईदला माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. पिंप्राळ्यातल्या आमच्याच मोहल्ल्यातली मुलगी; आता रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. शीरखुर्म्याची वाटी हातात होती, पण चेहरा उतरलेला. म्हणाली, "सर, नोकरीच्या मुलाखतीत माझेच दोन पेपर माझे आहेत हे कुणी मानेना."

झालं होतं असं, की निकाहपूर्वी छापलेल्या पेपरांवर वडिलांचं नाव होतं, नंतरच्या पेपरांवर शौहरचं. त्यात 'शेख'चं इंग्रजी स्पेलिंग एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरं. कागदावर त्या दोन वेगळ्या बायका झाल्या! मेहनत मात्र एकीचीच.

ही अडचण आपल्या घरांत जास्त येते. शेख, खान, सय्यद, पठाण ही आडनावं गावोगाव आहेत. उर्दूतलं नाव मराठीत आणि मराठीतलं इंग्रजीत जाताना प्रत्येक कारकून आपापलं स्पेलिंग लिहितो. नियतकालिकात नुसतं 'एस. ए. शेख' छापलं, तर तो सलीम की सबीहा, कसं कळावं?

आपल्या बुजुर्गांना हा प्रश्न नवा नव्हता. हदीसच्या सनदेत एकाच नावाचे अनेक रावी येत. कोण विश्वसनीय, कोण कमजोर, हे ठरवण्याआधी हा नेमका कोण, हे ठरवावं लागे. म्हणून कुन्यत, वडिलांचं नाव, गाव, उस्ताद, वफातीचं साल अशी सगळी नोंद ठेवणारं 'अस्माउर्रिजाल' हे शास्त्र उभं राहिलं. खतीब बगदादी (रह.) यांनी सारख्या नावांच्या वेगवेगळ्या रावींवर एक स्वतंत्र किताब लिहिली, आणि अनेक नावांनी ओळखल्या गेलेल्या एकाच रावीला दोन माणसं समजण्याच्या चुकीवर दुसरी. त्यांची वफात इ.स. 1071 मधली.

आज हेच काम 'ऑर्किड' नावाचा क्रमांक करतो. 2012 साली सुरू झालेल्या या ना-नफा संस्थेकडून संशोधकाला 16 अंकी कायमचा क्रमांक मोफत मिळतो. शेवटच्या जागी कधी अंकाऐवजी 'एक्स' असतो. आडनाव बदललं, कॉलेज बदललं, माणूस जळगावहून दुबईला गेला, तरी क्रमांक तोच राहतो. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राच्या 'विद्वान' या तज्ज्ञांच्या यादीतही तो नोंदवता येतो. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध ठेवणारं 'शोधगंगा' याच केंद्राचं.

गिरणेच्या पुलापलीकडे, बांभोरीजवळच्या आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठात किंवा इतर कुठेही आपली मुलं संशोधन करत असतील, तर त्यांना एवढं सांगा:

पहिला पेपर पाठवण्याआधीच क्रमांक काढा. त्याला आधार कार्ड लागत नाही, ई-मेल पुरतो. कॉलेजच्या ई-मेलबरोबर स्वतःचाही द्या. कॉलेज सुटलं की तिथला ई-मेल बंद पडू शकतो. माहेरचं नाव, सासरचं नाव, वेगवेगळी स्पेलिंगं 'इतर नावे' या रकान्यात भरा. कोणती माहिती कुणाला दिसावी, हे आपल्याच हातात असतं. क्रमांक एकच ठेवा. दोन काढले तर पुन्हा तोच घोळ. पेपर पाठवताना क्रमांक न विसरता लिहा. जुने पेपरही नंतर जोडता येतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. हा क्रमांक म्हणजे लायकीचं प्रमाणपत्र नव्हे. नोंद आपणच भरतो, तेव्हा दुसऱ्याचं काम आपल्या खात्यात टाकणं ही खयानतच. पेपर चांगला की वाईट, हे तो वाचूनच ठरेल.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मोबाइलवर बसून तिचा क्रमांक काढला. दोन्ही नावं लिहिली, चारही पेपर एकाखाली एक जोडले. ती हातातून गेलेली नोकरी काही परत आली नाही. पण पुढच्या मुलाखतीत तिला आपण कोण आहोत, हे पटवत बसावं लागणार नाही, इन्शाअल्लाह.

मुलींना शिकवण्यासाठी आपण पोटाला चिमटा काढतो. त्या शिक्षणाचं फळ त्यांच्याच नावावर राहावं, एवढी दक्षताही घेऊ या.