मनाची राखण म्हणजे मन मारणे नव्हे

घरात मयत झाले की सांत्वनाला आलेली माणसे 'रडू नको, देवावर विश्वास ठेव' एवढे सांगून मोकळी होतात. ख्रिस्ती घरांत या सांगण्याला बायबलचाही आधार दिला जातो: नीतिसूत्रांच्या 4थ्या अध्यायातले 23वे वचन अंतःकरणाची राखण करायला सांगते, म्हणजे भावना आवरायला हव्यात. हा अर्थ बायबललाच मान्य नाही. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू बेथानीला त्याच्या थडग्याकडे जाताना रडला, असे योहान लिहितो. 150 स्तोत्रांपैकी कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत. 88वे तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही येत नाही. गोव्याकडून सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणात आलेल्या कॅथलिक घरांच्या आल्तारावर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर दिसते. 1856 साली या हृदयाचा सण साऱ्या कॅथलिक चर्चसाठी लागू झाला. तसबिरीतले हृदय भाल्याने जखमी आहे, त्याला काट्यांचा वेढा आहे, वर ज्वाळा आहेत, आणि ते छातीबाहेर उघडे दाखवलेले आहे. रोज त्यासमोर मेणबत्ती लावायची आणि घरातल्या माणसाला मात्र 'डोळे पूस' म्हणायचे, हे विचित्रच.

मग राखण कशाची? त्या वचनात कारणही दिले आहे: जीवनाचे झरे अंतःकरणातून निघतात. मालवणच्या माणसाला हे समजावायला लांब जायला नको. 1664 ते 1667 या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधला. चारी बाजूंना खारा समुद्र, आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. तटाला दरवाजा आहे, पण तो वळणावर असा दडवला आहे की बाहेरून चटकन दिसत नाही. त्यामुळे येणाऱ्याला आत घेण्याआधी पारखता येते. भावनांचेही तेच. त्या येणारच, कोणती आत मुक्काम करणार आणि कोणती हातून काम करवून घेणार, एवढे मात्र आपल्याला ठरवता येते.

राग म्हणजेच पाप, हा दुसरा गैरसमज. शब्बाथाच्या दिवशी वाळल्या हाताचा माणूस समोर असताना सभास्थानातले लोक गप्प राहिले, तेव्हा येशूने त्यांच्याकडे रागाने पाहिले, असे मार्क नोंदवतो. त्याच वाक्यात तो येशूच्या दुःखाचाही उल्लेख करतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने रागाला सूर्यास्तापर्यंतची मुदत दिली आहे. रागावर बंदी घातलेली नाही. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही भावना मुळात चांगल्या किंवा वाईट नसतात, असेच सांगितले आहे. यावर कुणी यिर्मयाचा दाखला देईल की हृदय सर्वांत कपटी आहे. खरे आहे, म्हणूनच त्याच्यावर पहारा हवा. पण ज्याला बोलूच दिले नाही त्याचे कपट कळणार कसे? संत इग्नेशियस लोयोलाचा एक नियम इथे कामाचा आहे: मन खचलेले असताना पूर्वी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. त्या नियमात उदासी नाकारलेली नाही, फक्त तिच्या हाती सुकाणू दिलेले नाही. कुमसाराच्या, म्हणजे पापकबुलीच्या, वेळीही माणूस आधी मनातले उघडपणे बोलतो.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज तिसरा: विश्वास पक्का असेल तर नैराश्य येत नाही. एलीया संदेष्ट्याने कार्मेल डोंगरावर विजय मिळवला आणि लगेच झुडपाखाली बसून मरण मागितले. देवदूताने त्याला फटकारले नाही, खायला दिले आणि झोपू दिले. चर्चची भूमिकाही या बाबतीत बदलली आहे. आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती अंत्यविधी नाकारणारी 1917 च्या धर्मविधीसंहितेतली तरतूद 1983 च्या संहितेत उरली नाही. तेव्हा आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर पाद्रींकडे जाण्याबरोबर डॉक्टरांकडेही जा. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.