सोळा अधिक नऊचं वर्गमूळ : संगणकावर गणित लिहिताना

सुरुवात एका तोंडी गणितानं करू. सोळा अधिक नऊचं वर्गमूळ किती?

पुढच्या रांगेतून 'पाच' ऐकू आलं, मागून कुणीतरी 'एकोणीस' म्हणालं. दोघंही बरोबर आहात. नऊचं वर्गमूळ तीन, ते सोळात मिळवलं की एकोणीस. आणि आधी सोळा नि नऊची बेरीज केली तर पंचवीस, त्याचं वर्गमूळ पाच. वाक्य मी एकच बोललो. हेच फळ्यावर लिहिलं असतं तर घोळ झाला नसता, कारण मुळाच्या चिन्हाची आडवी रेघ कुठून कुठपर्यंत ओढली आहे हे तुम्हाला दिसलं असतं. वर्गात आपण गुरुजी मंडळी काय करतो? 'हे एवढं सगळं मुळाखाली' म्हणतो आणि खडू फिरवतो. गणिताचा अर्थ अर्धा चिन्हांत असतो आणि अर्धा त्यांच्या जागेत. घातांक वर आणि लहान, छेद खाली, रेघ लांब की आखूड. या सगळ्याला अर्थ आहे.

आता कीबोर्ड घ्या. तो टाइपरायटरचा नातू. त्याला एकच दिशा कळते, एका अक्षरानंतर दुसरं अक्षर. वर-खाली पसरलेलं गणित या एका ओळीत बसवायचं कसं, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न. तो नुसत्या सोयीचा नाही, हे पुढे कळेलच.

आधी थोडा इतिहास. डोनाल्ड क्नुथ हे स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ. त्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाची पहिली आवृत्ती शिशाचे खिळे जुळवून छापली होती. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं हाती आली, ती नव्या फोटो-जुळणीची होती, आणि क्नुथना ती अजिबात आवडली नाहीत. दुसरा कुणी प्रकाशकाला खरमरीत पत्र लिहून मोकळा झाला असता. यांनी जुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला घेतला. एक वर्षाच्या रजेत काम संपेल असा अंदाज होता, त्याला दहाएक वर्षं लागली. त्या प्रोग्रॅमचं नाव टेक. टेक्स नव्हे बरं का, टेक. त्याच्या आवृत्त्यांचे क्रमांक पायच्या किमतीकडे सरकत जातात, ३.१, ३.१४, ३.१४१ असे, गणितज्ञांचे विनोद असेच असतात. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभारलं आणि आज जगभरातले गणिताचे शोधनिबंध बहुतांशी त्यातच लिहिले जातात.

त्यातली युक्ती मात्र समजून घ्या. टेकमध्ये तुम्ही मुळाचं चिन्ह काढत नाही, ते शब्दांत सांगता. बॅकस्लॅश, मग एस-क्यू-आर-टी, मग महिरपी कंसात सोळा अधिक नऊ. रेघ किती लांब ओढायची ते प्रोग्रॅम बघतो. मूळ कशाचं आहे, एवढं तुम्ही सांगायचं. सोळा कंसाबाहेर ठेवलात की मूळ फक्त नऊचं. मघाशी पुढची आणि मागची रांग भांडत होती ना, तो वाद या महिरपी कंसानं मिटतो. नवखे लोक इथेच अडकतात. एक्सचा दहावा घात लिहायचा म्हणून टोपीचं चिन्ह देऊन १० टाइप करतात, आणि छापून येतो एक्सचा पहिला घात आणि शेजारी एक शून्य. दहा हा एकच घातांक आहे हे कंसानं सांगितलंच नव्हतं!

गणित नुसतं लिहायचं नसून यंत्राकडून करवून घ्यायचं असेल तर आणखी जपावं लागतं. एक्सेलच्या रकान्यात बरोबरचं चिन्ह, उणे ३, टोपी, २ असं टाइप करा. उत्तर ९ येतं. पायथनला हेच त्याच्या खुणांनी विचारा, म्हणजे टोपीऐवजी दोन फुल्या देऊन, तर उणे ९. शाळेत आपण शिकवतो ते पायथनसारखं : आधी घात, मग उणे. एक्सेल उणेचं चिन्ह तीनला आधीच चिकटवतं. दोघंही आपापल्या नियमाला धरून आहेत, पण तुमच्या मनात काय होतं ते दोघांनाही ठाऊक नाही. कंस घाला, बाबांनो. कंसाला पैसे पडत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. टी. व्ही. रामन हे पुण्याचे. चौदाव्या वर्षी काचबिंदूनं त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुण्यात गणितात बी.ए., मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. तिथे १९९४ साली त्यांनी पीएच.डी.साठी 'ॲस्टर' नावाची प्रणाली केली. ती लाटेकमध्ये लिहिलेलं गणित मोठ्यानं वाचून दाखवते. (ॲस्टर हे त्यांच्या वाटाड्या कुत्रीचंही नाव होतं.) ती नुसती चिन्हांची नावं घेत नाही. घातांक आला की आवाज वरच्या पट्टीत जातो, पायाशी लिहिलेला निर्देशांक आला की खालच्या. मोठं सूत्र असेल तर ऐकणारा आधी त्याचा सांगाडा ऐकतो, मग हवं तर अंशात शिरतो, हवं तर छेदात. डोळस माणूस पानावर नजर फिरवतो, तेच काम इथे कानानं होतं.

हे जमलं कशामुळे? लेखकांनी लाटेकमध्ये 'इथे मूळ, त्याच्या आत हे' असं लिहून ठेवलं होतं म्हणून. क्नुथना हवं होतं देखणं पान. पण देखण्या पानासाठी त्यांनी लोकांना रचना सांगायला लावली, आणि तीच रचना न पाहता वाचणाऱ्याच्या कामी आली. अर्थात लाटेकलाही सगळं कळत नाही. 'ए'च्या डोक्यावर 'टी' दिसला तर तो घात आहे की मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज, हे नुसत्या चिन्हावरून ठरत नाही. तिथे अंदाज करावा लागतो.

उलट आपण रोज काय करतो ते बघा. वहीवर गणित सोडवतो, मोबाइलनं फोटो काढतो, व्हॉट्सॲपवर वर्गाला पाठवतो. न दिसणाऱ्या मुलाचा फोन तिथे म्हणतो, 'इमेज'. बाकीचा वर्ग गृहपाठाला लागलेला असतो, आणि या मुलाला कुणीतरी वाचून दाखवेपर्यंत थांबावं लागतं. वाचून दाखवणाऱ्यानं 'सोळा अधिक नऊचं वर्गमूळ' असंच वाचलं, तर मुलाचं उत्तर चुकलं तरी चूक त्याची नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफचीही तीच गत.

टॅबलेटवर पेननं लिहिणं सुखाचं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. २०२४ पासून आयपॅडवर बेरीज लिहून पुढे बरोबरचं चिन्ह काढलं की उत्तर हजर होतं. पण तिथे रेघेची लांबी हाच पुरावा असतो. रेघ घाईत आखूड पडली की पाचाचे एकोणीस झालेच. म्हणून हस्ताक्षरावरून यंत्रानं काय ओळखलं ते एकदा पाहून घ्यावं आणि नुसतं चित्र न ठेवता ओळखलेलं समीकरण जपावं.

मराठीची अडचण आणखी वेगळी आहे. इंग्रजीत 'स्क्वेअर रूट ऑफ' आधी येतं, त्यामुळे मूळ कुठे सुरू झालं ते कळतं. कुठे संपलं ते कळत नाही. मराठीत 'वर्गमूळ' शेवटी येतं. संपलं कुठे ते कळतं, सुरू कुठे झालं ते नाही. त्यामुळे गणित वाचणाऱ्या इंग्रजी प्रणालीचे शब्द मराठीत बदलले म्हणजे काम झालं, असं होत नाही. 'कंस सुरू, सोळा अधिक नऊ, कंस पूर्ण, याचं वर्गमूळ' असं काहीतरी आपल्या वाक्यरचनेतून घडवावं लागेल. हे काम मराठी शिक्षकांनी आणि प्रोग्रॅमरनी एकत्र बसून करण्यासारखं आहे. शिक्षकांशिवाय तर ते व्हायचंच नाही.

श्रोत्यांतून प्रश्न : लाटेक शिकायला वेळ नाही. शाळेतल्या शिक्षकानं काय करावं?

वर्ड वापरता ना? समीकरण जिथे हवं तिथे ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबा, समीकरणाची चौकट उघडेल. त्यात बॅकस्लॅश एस-क्यू-आर-टी, साध्या कंसात सोळा अधिक नऊ, आणि मग स्पेसबार. मूळ तयार. त्याचा स्क्रीनशॉट मात्र काढू नका, फाइल आहे तशी द्या. ती पॅनडॉक या मोफत प्रोग्रॅममधून वेबपानात बदलता येते. बदलताना गणित मॅथएमएल या वेबवरच्या गणिताच्या भाषेत ठेवायला सांगा. ते पान एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, मॅथकॅटच्या मदतीनं, वाचू शकतो. पहिल्या दिवशी एकच गणित करून बघा, आणि वर्गातल्या ज्या मुलासाठी करताय त्यालाच विचारा, नीट ऐकू आलं का.