जुना पोलरॉइड कॅमेरा घेताय? आधी फिल्मचा हिशोब करा!

लग्न, बारसं, वाढदिवस अशा कार्यक्रमांत पाहुण्यांच्या हातात तिथल्या तिथे फोटो द्यायचा, हा छोट्या भांडवलाचा जोडधंदा होऊ शकतो. त्यासाठी बरेच जण जुना, स्वस्त इन्स्टंट कॅमेरा शोधतात. पण एक लक्षात ठेवा. कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, फिल्म मात्र प्रत्येक ऑर्डरला लागते.

१. फिल्म मिळते का?
पोलरॉइडशी पेटंटचा खटला हरल्यावर कोडॅकने १९८६ मध्ये इन्स्टंट कॅमेऱ्यांचा धंदा सोडला. त्यामुळे कोडॅकचा तो जुना कॅमेरा फुकट मिळाला तरी शोकेसमध्येच ठेवावा लागेल. पोलरॉइडनेही २००८ मध्ये फिल्म बनवणं थांबवलं होतं. पण नेदरलँड्समधला तिचा एक कारखाना काही लोकांनी वाचवला, म्हणून ६०० प्रकारची फिल्म आज पुन्हा मिळते. नवशिक्यांनी ६०० सिरीजचाच कॅमेरा बघावा. साध्या मॉडेलला फोकस जुळवायची भानगड नाही, समोरचा माणूस चारेक फुटांवर हवा.

२. कॅमेरा चालू आहे का?
६०० कॅमेऱ्याची बॅटरी फिल्मच्या पाकिटातच असते. पाकीट घातल्याशिवाय कॅमेरा चालतोय की नाही, हे कळत नाही. विकणाऱ्याला पाकीट घालून फ्लॅश आणि मोटर चालवून दाखवायला सांगा. फोटो बाहेर ढकलणारे रोलर स्वच्छ आहेत का, तेही बघा.

३. एक फोटो कितीला पडतो?
एका पाकिटात ८ फोटो निघतात. समजा पाकीट २,००० रुपयांना पडलं, तर एक फोटो २५० रुपयांचा. त्यातले २ बिघडले, तर उरलेले ६ प्रत्येकी ३३३ रुपयांना पडले. तुमची मेहनत आणि प्रवास वेगळाच! दर ठरवताना हाच आकडा धरा, नाहीतर ऑर्डर भरपूर आणि गल्ला रिकामा.

४. उन्हाळ्यात काय?
ही फिल्म साधारण १३ ते २८ अंश सेल्सिअसमध्ये नीट चालते. मे महिन्यातल्या मांडवात फोटो पिवळट-लालसर येऊ शकतात. पाकिटं फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. वापरायच्या आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. फोटो बाहेर आला की लगेच उजेडापासून झाका आणि रंग उमटायला १५ मिनिटं द्या.

आधी एका पाकिटाचा भाव काढा, ग्राहक एका फोटोला किती देईल ते चार जणांना विचारा, आणि मगच कॅमेऱ्याला हात घाला. मशीन कुठलंही असो, कच्च्या मालाची चौकशी आधी!