परक्या झोपेची राखण

झोपलेल्या माणसास उगीच उठवू नये हा संकेत आपल्याकडे इतका जुना आणि सर्वमान्य आहे की, दुपारच्या वेळी दाराशी आलेला पाहुणासुद्धा "निजलेत का? मग राहू द्या, संध्याकाळी येईन" असे म्हणून आल्या पावली परत फिरतो. ज्या पेशाची हकीकत येथे सांगावयाची आहे, त्यात शिरणाऱ्या उमेदवारास हाच संकेत, अधिक कडक स्वरूपात व अनेक अपवादांसह, रात्रीमागून रात्री जागून शिकावा लागतो. मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत निद्रापरीक्षणासाठी एक स्वतंत्र खोली राखलेली असते. तिला तेथील मंडळी सरळ 'स्लीप लॅब' म्हणतात. आत पलंग, उशी, मंद दिवा आणि काळोखातही पाहू शकणारा इन्फ्रारेड कॅमेरा. बाहेर, लगतच्या चिंचोळ्या खोलीत, संगणकाच्या पडद्यासमोर उजाडेपर्यंत बसलेला तंत्रज्ञ. त्याच्या बाजूच्या खुर्चीवर, पेंग येऊ नये म्हणून चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसलेला जो नवशिका, त्याच्याविषयी हा लेख आहे.

'उमेदवारी' हा शब्द अलीकडे निवडणुकीने बळकावला आहे. परंतु जुन्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत तो ज्या अर्थाने चालत असे, त्या अर्थाने तो या पेशास चपखल लागू पडतो. आपल्याकडे या खोलीत येणारा माणूस बहुधा दुसऱ्या खात्यातून आलेला असतो: कोणी मेंदूचे आलेख काढणारा, कोणी श्वसनाच्या चाचण्या घेणारा, कोणी परिचारक. अमेरिकेत या कामासाठी मंडळ, परीक्षा व नोंदणी अशी सारी व्यवस्था आहे, आणि एका तंत्रज्ञाने एका रात्रीत दोहोंहून अधिक रुग्ण सांभाळू नयेत असा तेथील रूढ दंडक आहे; तथापि परीक्षेपूर्वीची खरी तालीम तेथेही रात्रपाळीतच होते. याचे कारण उघड आहे. पुस्तकातील आलेख शांत, निर्दोष व निवडक असतात. प्रत्यक्षातील रुग्ण कूस बदलतो, घामाघूम होतो, तारा ओढतो आणि मध्यरात्री पाणी मागतो.

पहिले काही आठवडे उमेदवाराच्या वाट्यास येते ते डोके. रुग्णाला आदल्या दिवशीच बजावलेले असते की, दुपारनंतर चहा-कॉफी घेऊ नये, दिवसा डुलकी काढू नये, आणि केस शाम्पूने धुऊन, तेल न लावता यावे. परंतु रुग्णालयात जायचे म्हणून नीटनेटके दिसावे अशा सद्हेतूने खोबरेल तेल चोपून, भांग पाडून येणारे गृहस्थ काही कमी नसतात, आणि तेलावर काहीही चिकटत नाही. मग पुन्हा पुसणे, पुन्हा घासणे. त्यानंतर मोजणीची फीत निघते. नाकाच्या मुळाशी असलेल्या खोलगट जागेपासून डोक्याच्या मागील उंचवट्यापर्यंतचे अंतर, आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचे अंतर मोजून, त्यांचे दहा व वीस टक्क्यांचे भाग पाडून, मेणाच्या पेन्सिलीने खुणा करावयाच्या असतात. हर्बर्ट जॅस्पर याने १९५८ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत 'टेन-ट्वेंटी' या नावाने जगभर चालते. तिची खुबी अशी की, लहान मुलाचे डोके असो वा पहिलवानाचे, खूण मेंदूच्या त्याच भागावर येते, कारण मोजमाप सेंटिमीटरांत झाले तरी वाटणी प्रमाणात होते. डोके ३६ सेंटिमीटर भरले तर माथ्याचा मध्य १८ वर. एवढा हिशेब शाळकरी पोरासही येईल. पण दाट केसांत, हलत्या डोक्यावर, रुग्णाच्या गप्पांना "हो काका, हो काका" म्हणत तो बिनचूक साधणे हे हाताचे काम आहे, आणि हात सवयीनेच वळतो.

खुणेवरील त्वचा खरखरीत जेलने हलकेच घासून, टिकलीएवढ्या वाटीत चिकट पेस्ट भरून ती तेथे बसवतात. सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या या वाट्या डोक्यावर, कानांमागील हाडांवर, डोळ्यांच्या कडांशी, हनुवटीवर, छातीवर आणि दोन्ही पायांच्या नडग्यांवर लागतात. त्याखेरीज नाकाखाली श्वास मोजणारी नळी, छातीस व पोटास एकेक पट्टा, बोटास ऑक्सिजन मोजणारा चिमटा. सगळ्या मिळून वीसपंचवीस तारा होतात. शृंगारलेल्या घोड्यासारखे दिसणारे आपले रूप आरशात पाहून रुग्ण जो प्रश्न हमखास विचारतो, तो असा की, "असल्या अवतारात झोप लागेल तरी कशी?" प्रश्न रास्त आहे. परक्या जागी पहिल्या रात्री झोप विस्कळीत होते ही गोष्ट संशोधकांनी १९६६ सालीच नोंदवून ठेवली असून तिला 'पहिल्या रात्रीचा परिणाम' असेच नाव आहे. तरीही बहुतेकांना झोप लागते. त्वचा व वाटी यांच्यामधील विजेचा अडथळा पाच किलोओहमच्या आत आला पाहिजे हा नियम उमेदवाराने पहिल्या दिवशी पाठ केलेला असतो. तो का पाळावयाचा हे त्यास पहाटे तीन वाजता, निष्काळजीपणे बसवलेली वाटी निखळू लागल्यावर, कळते.

दिवे मालवण्यापूर्वी एक छोटासा विधी होतो, आणि मला तो या सर्व प्रकरणातील फार मार्मिक भाग वाटतो. तंत्रज्ञ बाहेरून ध्वनिक्षेपकावर सांगतो: "काका, डोळे मिटा. आता उघडा. डोके न हलवता नुसत्या डोळ्यांनी डावीकडे बघा, उजवीकडे बघा. पाच वेळा पापण्या मिटा. दात आवळा. श्वास रोखून धरा. घोरल्याचा आवाज काढा. डावा पाय वाकवा." प्रत्येक हुकमासरशी पडद्यावरील कोणती रेघ कशी हलते हे पाहिले जाते. साक्षीदाराची जबानी घेण्यापूर्वी त्याची ओळख पटवून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. एक वाटी डाव्या डोळ्याच्या किंचित खाली आणि दुसरी उजव्या डोळ्याच्या किंचित वर लावलेली असते ती हेतुपुरस्सर: बुबुळे खरोखर फिरली तर दोन रेघा परस्परविरुद्ध दिशांना जातात, आणि मेंदूची एखादी मोठी लहर तेथे झिरपली तर दोन्ही एकाच दिशेने झुकतात. खरे काय आणि भास काय याचा हा निवाडा पुढे रात्रभर करावयाचा असतो.

त्या निवाड्यासाठी रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात. या तुकड्याचे मूळ कागदाच्या जमान्यात आहे. त्या काळी कागद सेकंदास दहा मिलिमीटर या वेगाने सरकत असे, म्हणजे तीस सेंटिमीटरांचे एक पान अर्ध्या मिनिटात भरे, आणि आठ तासांच्या झोपेची ९६० पाने, पसरली तर पावणेतीनशे मीटरांहून लांब, सकाळी गठ्ठा बांधून दप्तरी जमा होत. कागद गेला, पान राहिले. प्रत्येक पानास जागेपण, हलकी झोप, गाढ झोप किंवा स्वप्नांची झोप यांपैकी एक शेरा मिळतो. आपल्या उपनिषदांनी जागृती, स्वप्न व सुषुप्ती या अवस्था वेगळ्या मानल्या, परंतु स्वप्नावस्थेची खूण बाहेरून, झोपलेल्याच्या देहावर, दाखवून देण्याचे काम १९५३ साली झाले. आणि ते करणारा शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की हा नथॅनिएल क्लाइटमन यांच्या हाताखालचा एक उमेदवारच होता. आपल्या आठ वर्षांच्या मुलाला एका जुनाट यंत्रास जोडून तो रात्र रात्र बसे. गाढ निजलेल्या पोराच्या डोळ्यांच्या रेघा मध्येच जाग्या माणसासारख्या थरथरू लागल्या, तेव्हा त्यास प्रथम वाटले की यंत्र बिघडले आहे. बिघाड नव्हता, मुलाचे डोळे मिटल्या पापण्यांआड खरोखरच फिरत होते.

ही गोष्ट उमेदवारास मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण त्याचा नित्याचा अनुभव नेमका उलट असतो: तो ज्यास शोध समजतो तो बहुधा बिघाड निघतो. मे महिन्यात खोली नीट थंड झाली नाही तर घामाने रेघा संथ हेलकावे घेऊ लागतात, आणि नवशिका आनंदाने म्हणतो, "किती गाढ झोपले आहेत!" शेजारची मॅडम नुसती वातानुकूलनाचे तापमान उतरवते, आणि दहा मिनिटांत ती गाढ झोप नाहीशी होते. उशाशी चार्जरला लावलेला मोबाइल पन्नास हर्ट्झचा जाड काळा पट्टा उमटवतो. छातीचे ठोके मानेतून वर चढून मेंदूच्या रेघेत मिसळतात. अशा वेळी ज्येष्ठ मंडळींचे एकच सांगणे असते: "अरे, आधी माणूस बघ, मग पडदा." ऑक्सिजनचा आकडा एकाएकी साठावर आला तर धावण्यापूर्वी नाडीची लहर शाबूत आहे का आणि चिमटा बोटातून निसटला नाही ना हे पाहावे; हृदयाची रेघ सपाट झाली व कॅमेऱ्यात रुग्ण पोट खाजवीत असला, तर मरण आलेले नसून तार सुटलेली आहे.

मग सुटलेली तार लावावयास आत जावे की नाही? माझ्या मते या पेशाचे सारे मर्म या प्रश्नात आहे. दार उघडले की झोपमोड होते, आणि जी वस्तू मोजावयाची तीच मोजणाऱ्याच्या पावलांनी बिघडते. बाहेर खुर्ची करकरली तरी आतल्या झोपेत 'के-कॉम्प्लेक्स' नावाची एक टोकदार लाट उठू शकते. आपल्या बेसावधपणाची अशी तत्काळ पोच फारच थोड्या धंद्यांत मिळत असेल. म्हणून मेंदूसाठी उजव्या बाजूच्या वाट्या मुख्य आणि डाव्या बाजूच्या राखीव, अशी तजवीज आधीच केलेली असते. एक निकामी झाली तर बसल्या जागी दुसरीवर काम भागते. पण नाकाखालची नळी निघाली तर श्वासाची सारी नोंद व्यर्थ जाते, तेव्हा जावेच लागते, आणि तेही रुग्ण कूस बदलत असता, आपणहून अर्धवट जागा झालेला असता, ही संधी साधून. हृदयाची लय खरोखर बिघडली, आकडी आली, कोणी स्वप्नाच्या भरात पलंगावरून उठू लागला, तर मात्र संकोच, संधी, नोंद सर्व बाजूस ठेवून धावावयाचे. नवशिक्या उमेदवाराचे पहिले महिने भलत्या वेळी उठण्यात आणि उठावयाच्या वेळी बसून राहण्यात जातात.

जे पाहण्यासाठी हा सारा खटाटोप, ते बहुतांशी घोरण्याशी निगडित असते. आपल्या घरांत घोरणे ही थट्टेची, किंबहुना समाधानाची बाब. दमलेला माणूस कसा स्वस्थ घोरतो आहे, असेच आपण म्हणतो. पडद्यावर त्याचे निराळे रूप दिसते. घोरण्याचा आवाज चढत जातो आणि एकदम थांबतो. नाकाखालची रेघ सपाट होते. छातीचा व पोटाचा पट्टा मात्र परस्परांविरुद्ध ओढाताण करीत राहतात, कारण देह श्वास घेऊ पाहतो आणि घशातील वाट मिटलेली असते. श्वास असा दहा सेकंद तरी अडला की त्याची 'ॲप्निया' म्हणून गणना होते. ऑक्सिजन काही सेकंद मागाहून उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, एक घुसमटलेला हुंदका, आणि पुन्हा पहिल्यापासून. असे पुरते वा अर्धवट अडथळे तासास पाचांच्या आत असले तर हरकत मानीत नाहीत. तिसाच्या पुढे गेले तर आजार तीव्र. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीस आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध केली, तीत झोपेतील श्वसनाचा असा बिघाड १९.५ टक्क्यांत, आणि दिवसाच्या झापडीसह पुरता आजार ७.५ टक्क्यांत आढळला. पत्नीने वर्षानुवर्षे केलेली तक्रार या खोलीत अशी आकड्यांत उतरते.

त्यावरील उपाय ठरविण्याचे काम उमेदवाराच्या हाती सर्वांत शेवटी येते. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या उपायात नाकावर मास्क बांधून हवेच्या मंद दाबाने घशाची वाट उघडी ठेवतात. पहिल्या यंत्राला हवा पुरवण्यासाठी त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. हा 'सीपॅप'चा दाब कोणास किती लागेल हे सांगता येत नाही, म्हणून पाण्याच्या चार सेंटिमीटर दाबापासून आरंभ करून, दर पायरीनंतर किमान पाच मिनिटे थांबून, बाहेरूनच तो हळूहळू वाढवीत नेतात. उतावळा उमेदवार भराभर दाब चढवतो, मास्कमधून हवा फुसफुसू लागते आणि रुग्ण उठून बसतो. संयमी उमेदवार बारा वाजता समाधानकारक दाब गाठून खूष होतो, आणि तोही फसतो. पहाटेच्या ज्या झोपेस आपण साखरझोप म्हणतो तीत स्वप्नावस्थेचा वाटा सर्वाधिक असतो, त्या अवस्थेत स्नायू अगदी शिथिल पडतात, आणि पाठीवर निजलेल्या माणसाचा घसा नेमका तेव्हाच मिटू पाहतो. बाराचा हिशेब चारला पुरत नाही. दुर्दैव असे की, चार वाजता पहारेकऱ्याचे स्वतःचे डोळेही मिटू लागलेले असतात. त्या घटकेला उमेदवारास उभे राहून काम करावयास लावणारे वस्ताद मला सर्वांत शहाणे वाटतात.

सहाच्या सुमारास दिवे लागतात. कोमट पाण्याने पेस्ट सोडवीत उमेदवार एकेक वाटी काढतो. तोवर काका उशीला टेकून सकाळचा नेहमीचा छापील कागद भरत असतात. "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही हो," ते म्हणतात, आणि 'आपल्या अंदाजाने किती वेळ झोपलात' या रकान्यात 'एक तास' असे लिहितात. पडद्यावर त्यांच्या सहा तासांच्या झोपेची पाने आहेत. "रिपोर्टमध्ये काय आले रे?" असे ते विचारतात, तेव्हा "ते डॉक्टर सांगतील, काका" याखेरीज दुसरे उत्तर देण्याची मुभा त्यास नाही. तो कागद आहे तसा, 'एक तास' न खोडता, नोंदीस जोडतो, कारण माणसाची समजूत आणि यंत्राची नोंद यांतील तफावत हीसुद्धा डॉक्टरांच्या उपयोगाची असते. आणि वाट्या धुवावयास घेतो.