जुना डिझेल पिकअप विकताय? आधी आरसीवरचे नाव बदला

पैसे मिळाले, चावी दिली, म्हणजे व्यवहार संपला असे नाही. आरसीवर तुमचे नाव आहे तोवर कायद्याने मालक तुम्हीच. त्या गाडीने अपघात झाल्यास भरपाई तुमच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच स्पष्ट केले आहे.

• कर्ज फेडले असल्यास बँकेची एनओसी व फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवा.
• थकीत ई-चलन, कर, विमा आणि फिटनेस तपासा.
• फॉर्म २९ व ३० पूर्ण भरूनच सही करा. कोऱ्या फॉर्मवर नको.
• राज्यातच विक्री असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवा.
• ताबा दिल्याची तारीख, वेळ लिहून खरेदीदाराची सही घ्या.

नव्या आरसीची प्रत हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.