थकलेल्या हातांना वेगळे काम

आपल्या भंडारा जिल्ह्यात तुमसर, मोहाडीकडे अनेक घरी सासू आणि सून एकाच सुपाशी विड्या वळायला बसतात. मजुरी हजारावर मोजतात, वय कोणी मोजत नाही. साठीनंतर बोटे आखडतात, नजर कमी होते, हजार काही पुरा होत नाही. मग आजी म्हणते, "आता माझा काय उपयोग?"

उपयोग आहे. विडी हे एकच काम नव्हे. तेंदूपत्ता भिजवणे, कैचीने कापणे, तंबाखू भरून वळणे, सूत गुंडाळणे, तोंड मिटणे, कट्टे बांधणे, एवढी कामे त्यात आहेत. वळण्याची घाई सुनेने घ्यावी, पत्ता पारखणे आजीकडे द्यावे. कोणता पत्ता तडकेल हे तिच्या बोटांना कळते. पारख नीट झाली तर ठेकेदाराकडे रद्द होणाऱ्या विड्याही कमी.

2001 मध्ये एमी रेझनेव्स्की व जेन डटन या अमेरिकन अभ्यासकांनी असेच काहीसे मांडले. रुग्णालयातले काही सफाई कामगार रोग्याची विचारपूसही आपलेच काम समजत, आणि त्यांना त्या कामाचे मोल वाटे.

आता पैशाचे. सगळी मजुरी सुनेच्या नावे लागली की आजी पुन्हा 'रिकामी' ठरते. 1966 च्या विडी कायद्याने घरी वळणाऱ्यांनाही कामगार मानले; मग घरच्यांनी का मानू नये? पैसे आले की तिचा वाटा तिच्या हातात ठेवा, मागायला लावू नका. आणि तिला खोकला असेल तर तंबाखूपासून दूर, दाराशी उजेडात पत्ता कापायला बसवा.